तिसऱ्या आणि चौथ्या गाण्याच्या मधे

या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं जेवताना वाचत आलोय, तोंडी लावायला म्हणून. पिंपळ, विहीर, पांढरी साडी... आमच्या घरात असलं कुणाला काही दिसलं नाही, आणि दिसलं असतं तर माझ्या वडिलांनी त्याला नाव, गाव, काम विचारून दारातूनच वाटेला लावलं असतं. वडील तहसीलला कारकून होते. मी त्यांचाच मुलगा. देवाला हात जोडतो, पण घाईत. त्यामुळे आज मीच हे लिहून राहिलोय याचं मलाच हसू येतंय.

भीती वाटली म्हणून लिहीत नाहीये, हे आधी सांगतो. मी एका भल्या माणसाशी दोनदा खोटं बोललो. पहिल्या खोट्याचं काय झालं ते लगेच कळलं. दुसऱ्याचं कळायला सोळा वर्षं लागली.

मी मूळचा नांदेडचा, पण ही गोष्ट लातूरची, भूकंपाला दहाएक वर्षं झाली होती तेव्हाची. लातुरात तेव्हा क्लासेसचं नुसतं पेव फुटलं होतं. बारावीची पोरं अहमदपूर, बिलोली, धर्माबाद, कुठून कुठून ट्रंका घेऊन यायची. मी अशाच एका क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाइप करायचो. दिवसभर फिजिक्स, केमिस्ट्री आणि त्यांचे चार-चार पर्याय. काम घरी न्यावं लागायचं म्हणून कॉम्प्युटर घेतला आणि त्याला सीडी रायटर लावून घेतला. रायटर काही प्रश्नपत्रिकांसाठी नव्हता, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

खोली करीमचाचांच्या घरात होती. पुढच्या अंगाला चाचांचं गादी भरायचं दुकान, मागे घर, अंगणाच्या कडेला माझी खोली. जूनमध्ये पोरं आली की प्रत्येकाला एक गादी, एक उशी लागायची, तेव्हा चाचांना पाणी प्यायला फुरसत नसायची. कापूस पिंजायचं मशीन सकाळपासून चालू, आणि त्याचा भुगा माझ्या कीबोर्डमध्ये. मी कुरकुर केली की चाचा म्हणायचे, "बेटा, तेरी शाळा चलती तो मेरी दुकान चलती. खाँसी सहन कर."

घरात चाचा आणि त्यांची मुलगी नसरीन, तेव्हा अकरावीला. चाची नव्हत्या. भूकंपाच्या वेळी त्या औशाकडच्या एका खेड्यात बहिणीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. नसरीनला ताप होता म्हणून ती लातुरात अब्बांजवळ राहिली. खेड्यातलं घर दगड-मातीचं होतं. चाचा याच्यापुढे काही सांगायचे नाहीत, आणि आमच्याकडे याच्यापुढे कुणी विचारतही नाही. त्यांनी स्वतःच्या घराचं मातीचं जड माळवद काढून पत्रे टाकून घेतले होते. उन्हाळ्यात भाजून निघायचो, पण त्या पत्र्यांबद्दल मी कधी तक्रार केली नाही.

मला तेव्हा एकच वेड होतं, मिक्स सीडीचं. कॅसेटमध्ये दोन गाण्यांच्या मधे एक खड्डा असतो बघा. गाणं संपतं, मग खरखर, मग दुसरं. तो खड्डा मला सहनच व्हायचा नाही. कॉम्प्युटरवर दोन गाणी एकाखाली एक मांडायची, पहिल्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर पाच सेकंद चढवायची, एकाचा आवाज उतरवत न्यायचा, दुसऱ्याचा चढवत आणायचा. ठेका जुळला की एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे लागलं ते बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. हळदीला, बारशाला माझ्या सीड्या जायच्या. क्लासचे एक सर म्हणाले होते, "लई स्मूथ करतोस रे तू." मी आठवडाभर जमिनीवर नव्हतो.

जानेवारीतली गोष्ट. गाद्यांचा हंगाम नव्हता, चाचा निवांत होते. ते एक कॅसेट घेऊन माझ्या दारात आले. चाची हयात असताना रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून गाणी भरून घ्यायच्या, त्यातली ही शेवटची उरलेली. नऊ गाणी. वरच्या कागदावर चाचींनी उर्दूत यादी लिहिलेली, आणि तिच्याखाली नसरीननं नंतर मराठीत.

"रीळ घिस गई रे," चाचा म्हणाले. "इसमें का सब सीडी में आता क्या?"

"येतं ना चाचा. लई भारी करून देतो."

"भारी नक्को. जैसा है वैसा."

हे शब्द मला पक्के आठवतात, कारण नंतर ते मी हजारदा आठवलेत.

ते गेल्यावर मी कॅसेट लावून पाहिली. पहिलं गाणं विहिरीतून आल्यासारखं. ते संपलं, रेडिओवरची बाई दोन शब्द बोलली न बोलली तोवर भांड्याचा आवाज, आणि अगदी कानाशी एक बाई म्हणाली, "अजी, चाय लेके जाव, ठंडी हो री." मग खटका, मग दुसरं गाणं. मी स्टॉप दाबलं. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, बापरे, किती कचरा आहे यात.

ती चाची होती हे मला कळलं नाही का? कळलं असणार. चोवीस वर्षांचा होतो, कुक्कुलं बाळ नव्हतो. पण डोक्यात एकच होतं, की चाचांना गाणी हवीत आणि ती मी अशी देईन की ते बघतच राहतील. यादी घेऊन सायबर कॅफेत गेलो, तीच नऊ गाणी स्वच्छ आवाजात उतरवून आणली. एक सापडेना, त्याच्यासाठी तीन चकरा मारल्या. मग जोडकाम. तिसऱ्या आणि चौथ्या गाण्याचा सांधा तर असा बसला की मीच स्वतःची पाठ थोपटली. कव्हरवर गुलाबाचं चित्र छापलं.

त्याच आठवड्यात अहमदपूरहून माझे दाजी आले. त्यांची ज्वारी हुरड्याला आली होती आणि पाखरांनी उच्छाद मांडला होता. आमच्याकडे तेव्हा शेतात कॅसेटची रीळ ताणून बांधायचे. उन्हात चमकते, वाऱ्यात गुणगुणते, पाखरं लांब राहतात. दाजी म्हणाले, "तुझ्याकडं जुन्या कॅसेटा पडून असतील की." होत्या, खोकंभर. आता सीडी आल्यावर त्यांचं लोणचं घालायचं होतं का? खोकं त्यांच्या हातात दिलं, आणि चाचांची कॅसेट टेबलावर होती तीही वर ठेवून दिली. चुकून नाही. मुद्दामच दिली. सीडी झाली, आता तिचं काय काम, असा साधा हिशोब केला.

रविवारी चाचांना त्यांच्या खोलीतल्या प्लेअरवर सीडी लावून दिली. ते भिंतीला टेकून बसले, नसरीन चौकटीत उभी. नऊ गाणी, पाऊण तास, कुठे खंड नाही, कुठे खरखर नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघून राहिलो होतो, आता म्हणतील, मग म्हणतील. संपल्यावर त्यांनी कव्हर उलटंपालटं करून पाहिलं.

"अच्छा बनाया," ते म्हणाले. "पर वो नई है इसमें."

"कोण चाचा?"

"नसरीन की अम्मी."

मग त्यांनी शांतपणे विचारलं, "कॅसेट किधर है? वोच दे दे. सीडी भी रहन दे, मेहनत करा तू."

आणि मी म्हणालो, "चाचा, ती मशीनमध्ये गुंतली. रीळ तुटली... टाकून द्यावी लागली."

चाचा "अच्छा" म्हणाले. एवढंच. ओरडले असते, दोन कानाखाली दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते उठून दुकानात गेले आणि हंगाम नसताना कापूस पिंजत बसले.

नसरीन मात्र गप्प बसली नाही. "दादा, अब्बा जसं आहे तसं म्हणाले होते ना?" ती म्हणाली. "अम्मी सात ठिकाणी बोलते त्यात. मला पाठ आहे सगळं. पहिल्या गाण्यानंतर चहा. दुसऱ्यानंतर दूधवाल्याशी बोलते. तिसऱ्यानंतर मी शिंकते, चार वर्षांची होते मी, आणि अम्मी हसते. बोलत नाही, नुसती हसते..." घरात चाचींचा आवाज म्हणून जे काही होतं ते त्या एका कॅसेटमध्ये होतं, आणि हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून पहिली एसटी पकडली आणि अहमदपूर गाठलं. दाजींच्या शेतात ज्वारीवरून या बांधापासून त्या बांधापर्यंत रिळी ताणलेल्या, ऊन पडून लखलखत होत्या, आणि वाऱ्यानं सगळ्या शेताचा एक बारीक आवाज येत होता. बारा-पंधरा कॅसेटा होत्या त्या. यातली चाचांची कुठली? सगळ्या सारख्याच तपकिरी. काही तुटून ज्वारीच्या ताटांना गुंडाळलेल्या. मी मूठभर गोळा केल्या, त्याही हातात पिळल्या गेल्या. दाजींना वाटलं मला ऊन लागलं. खोलीवर येऊन तो गुंता मी ट्रंकेत टाकला आणि चाचांना काही बोललो नाही.

पुढचे पंधरा दिवस मी खालमानेनं ये-जा केली. चाचा नेहमीसारखंच बोलायचे, मलाच तोंड वर करवत नव्हतं. रोज दुपारी त्यांच्या खोलीतून माझी सीडी ऐकू यायची. मला वाटायचं, मला टोचायला लावतात.

मग एका रविवारी त्यांनी हाक मारली. तुम्ही अमावस्या, सुनसान वाडा वगैरे डोळ्यांपुढे आणू नका. भर दुपारचे बारा, अंगणात बाजेवर मिरच्या वाळत घातलेल्या, शेजारी कुणीतरी स्कूटरला किक मारून मारून दमलेलं. नसरीन मैत्रिणीकडे गेली होती. चाचांनी मला शेजारी बसवून घेतलं. त्यांचं तोंड असं उजळलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"वो बोल री इसमें," ते म्हणाले. "पैले नई थी. आठ दिन से बोल री."

मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, आणि तो माझ्यामुळे. "काय म्हणतात चाचा?"

"मैं नई बताता. तू सुन पैले."

सीडी सुरू झाली. पहिलं गाणं, दुसरं गाणं. सांधे अगदी गुळगुळीत, माझेच. चाचांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. तिसरं गाणं उतरायला लागलं, खालून चौथ्याचा ठेका वर यायला लागला. आणि त्या पाच सेकंदांत, दोन्ही गाण्यांच्या अलीकडे, अगदी कानाशी...

"बच्चे को कुछ नक्को बोलो जी. जान दो."

तोच आवाज. चहा घेऊन जा म्हणणारा. मी एकदाच ऐकला होता, पण तोच. मग चौथं गाणं पूर्ण वर आलं आणि वाजत राहिलं, काही झालंच नाही असं.

हातपाय गार पडले, बाहेर मिरचीचा ठसका येत असताना. चाचा माझ्याकडे बघत होते. "सुना?" त्यांनी विचारलं. लहान मुलासारखं विचारलं.

मी म्हणालो, "नाही चाचा. नुसतं गाणंच आहे."

का म्हणालो? आज इतक्या वर्षांनी मी त्याची कारणं लावू शकतो. हो म्हटलं असतं तर 'बच्चा' म्हणजे कोण, आणि त्याला काय बोलायचं नाही, हे पुढे आलंच असतं. मग कॅसेट, मग दाजी, मग शेत, सगळं. जिला मी कचरा म्हणून काढून टाकलं ती माझीच बाजू घेत होती, हे मला झेपलं नाही. आणि दुसरं म्हणजे मी घाबरलो. तहसीलच्या कारकुनाचा मुलगा... असलं काही नसतं, तर नसतं.

चाचांचा हात माझ्या मनगटावरून निघाला. "अच्छा," ते म्हणाले. "मेरेच कान बजते होंगे."

खोलीवर येऊन मी कॉम्प्युटर लावला. तिसरं आणि चौथं गाणं, पाच सेकंदांचा सांधा. एक रेघ उतरताना दिसते, एक चढताना. एकेक गाणं वेगळं काढून ऐकलं, उलटं लावून ऐकलं, हेडफोन घालून ऐकलं. काही नाही. कॅसेटचा एक सेकंदही मी त्या कॉम्प्युटरमध्ये घेतला नव्हता, मग येणार कुठून?

दोन महिन्यांत मी लातूर सोडलं. नांदेडला स्वतःचं छपाईचं दुकान टाकायचं होतं, हे खरं, पण तेवढंच खरं नव्हतं. निघताना चाचांनी मला नवी गादी बांधून दिली. चांगला कापूस घालून, स्वतःच्या हातानं टाके घालून. मी पाया पडलो. तेव्हा तरी सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि मला तो हॉर्न बरा वाटला.

त्यानंतर मी एकदाही तिकडे फिरकलो नाही. ईदला फोन करायचो, नंतर तोही राहिला.

सोळा वर्षं गेली. एक दिवस दुकानात एक बाई आल्या, सोबत शाळेची पिशवी. "दादा, ओळखलं का?" म्हणाल्या. नसरीन. धर्माबादला दिली होती, तिथंच शाळेत शिकवते. चाचा दोन महिन्यांपूर्वी गेले होते. तिनं पिशवीतून सीडी काढली. गुलाबाचं चित्र उडून पांढरं पडलं होतं.

"अब्बांनी ही तुम्हाला द्यायला सांगितली होती," ती म्हणाली.

चहा मागवला. मी काय बोलावं या विचारात असताना तीच बोलली. "तुमच्यावर लई राग होता मला. अब्बांना कधीच नव्हता. मी विचारायचे, तुम्ही त्याला काहीच कसं बोलला नाही? तर म्हणायचे, तेरी अम्मी ने मना किया. बच्चे को कुछ नक्को बोलो, जान दो, ऐसा बोली."

त्या दुपारी मी जे ऐकलं ते मी आजतागायत कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

"हे... कॅसेटमध्ये होतं का कुठं?" मी विचारलं.

"नाही. कॅसेट मला पाठ होती. तिसऱ्या गाण्यानंतर मी शिंकते आणि अम्मी हसते. असं काही ती कुठंच म्हणत नव्हती."

"चाचा नंतर... ऐकायचे का ही?"

"रोज. मशीन बिघडेपर्यंत. मग दुसरं मशीन आणलं." तिनं चहाचा घोट घेतला. "पण अम्मी नंतर बोलली नाही. तुम्हाला बोलावून ऐकवलं ना, त्या दिवसानंतर एकदाही नाही. मी तर कधीच ऐकलं नाही. रुसून बसले होते, तुमची सीडी म्हणून ऐकायचीच नाही म्हटलं. अब्बांनी सांगितलं तेव्हा ऐकायला बसले, तर नुसती गाणी."

ती हळूच म्हणाली, "अब्बा म्हणायचे, त्यानं ऐकलं होतं. पोराचा चेहरा उतरला होता. डर गया बिचारा. तुम्ही ऐकलं होतं का दादा?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा हो म्हणालो. आणि मग सगळंच सांगितलं, दाजी, ज्वारी, तो मूठभर गुंता. ती रडली नाही. म्हणाली, "म्हणजे अम्मी शेतात होती तर." थोड्या वेळानं घड्याळ बघून उठली, तिची धर्माबादची गाडी होती. तिला स्टँडवर सोडताना वाटेत घरी थांबलो आणि ट्रंकेतला तो गुंता काढून तिला दिला. तिनं तो रुमालात बांधून पिशवीत ठेवला.

वाचकांपैकी कुणी आवाजातलं कळणारं असेल तर सांगा. मी दोघा-तिघा जाणकारांना सीडी दाखवली आहे. एक म्हणाला, माणसाला ऐकायचं तेच ऐकू येतं. असेल. पण मला ते ऐकायचं नव्हतं, आणि चाचांना नि मला शब्दन् शब्द तेच कसं ऐकू आलं? मी उत्तरापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत अडकलोय. एक 'हो' म्हणायचं होतं. त्या माणसानं बायको दोनदा गमावली, आणि त्यातली दुसरी वेळ माझ्या हातची होती.

सीडी अजून चालते. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी लावतो. तिसरं गाणं उतरायला लागलं की आवाज वाढवतो आणि मोठ्यानं म्हणतो, "हाव चाची, ऐकलं मी." पाच सेकंदांत तेवढंच बसतं. मग चौथं गाणं सुरू होतं.